चाकाचा बोल्ट तुटला, पुढे काय?

आज आम्ही गाडीच्या चाकाबद्दल बोलणार आहोत. "हे तर ड्रायव्हरचं काम, आम्हाला कशाला?" असं तुमच्यातल्या निम्म्याजणी म्हणतील. आम्हीही तेच म्हणत होतो. आमच्या गटानं कर्ज काढून जुनी पिकअप घेतली तेव्हा हप्ता, विमा, डिझेल, भाडं असा सगळा हिशेब वहीत मांडला. पण चाक गाडीला कशानं धरलेलं असतं, हे आम्हा अकराजणींपैकी एकीनंही कधी वाकून पाहिलं नव्हतं. ते पाहायची वेळ आली आणे घाटाच्या पायथ्याला, पहाटे साडेचारला.

गाडीत टोमॅटोचे साठ क्रेट होते. क्रेटमागे वीस किलो धरा, म्हणजे बाराशे किलो माल. माल नारायणगावला चालला होता. गाडी चालवणारी आमच्यातलीच एक. तिच्याकडे लायसन आहे आणि सगळ्या तिला वहिनी म्हणतात. तिच्या शेजारी एकजण बसली होती, आणि मागे क्रेटवर आम्ही पाचजणी. मालाच्या गाडीत मागे माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. तरी बसलो होतो. एसटीचे पैसे वाचतात, दुसरं काय.

घाट उतरलो आणि मागचं डावं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पानाही होता. पण नट काही केल्या हलेनात. पंधरा दिवसांपूर्वी एका दुकानात पंक्चर काढलं होतं, तिथल्या मुलानं हवेच्या गननं नट आवळले होते, गन थांबली तरी दोनदा आणखी दाबली होती. वहिनी पान्यावर उभी राहिली तरी नट जागचा सरकेना. तेवढ्यात एक ट्रक थांबला. ट्रकवाले दादा भले माणूस होते. "वहिनी, बाजूला व्हा, पाइप लावू," म्हणाले. पान्याला हातभराहून लांब लोखंडी पाइप अडकवला आणि टोकावर पाय देऊन एक झटका मारला. कट् असा आवाज झाला. नट सुटला असं वाटून आम्ही हसलो सुद्धा. बॅटरी मारून पाहिलं तर नट हातात आला होता, आणि त्याच्या पोटात बोल्टचा तुकडा.

राहिलेले चार नट निघाले. स्टेपनी चढवली, चार नटांवर आवळली. दादा म्हणाले, "चारावर जाईल आरामात." आम्हीही म्हटलं, जाईल. बाजार गाठायचा होता. माल तसाच, माणसं तशीच, आणि निघालो.

दहा-बारा किलोमीटरवर मागून टक् टक् ऐकू यायला लागलं. वळणावर जास्त, सरळ रस्त्यावर कमी. आधी वाटलं क्रेट आपटतायत. मग गाडीची पाठ थरथरायला लागली, तशा आम्ही केबिनच्या काचेवर थापा मारल्या. वहिनीनं गाडी बाजूला घेतली. दोन नट बोटानं फिरत होते. तुटलेल्या बोल्टच्या शेजारचा दुसरा बोल्टही तुटून गेला होता. चाकाला धरून ठेवणारे धड दोनच राहिले होते. वेग आणखी थोडा असता, किंवा पुढे पुलाचा कठडा असता, तर आज रेडिओवर आम्ही नसतो. घाबरवण्यासाठी बोलत नाही. आमच्यातल्या दोघी त्यानंतर महिनाभर गाडीत बसायला तयार नव्हत्या.

आता हे असं का झालं, ते समजून घेऊ. आम्हाला हे नंतर मेकॅनिकनं तुटलेले बोल्ट हातात देऊन समजावलं.

आपण ज्याला चाकाचा बोल्ट म्हणतो त्याला गॅरेजमध्ये स्टड म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक जीप, पिकअप, टेम्पो आणि पुष्कळशा कारमध्ये हे स्टड हबमध्ये मागच्या बाजूनं ठोकून घट्ट बसवलेले असतात. बाहेर फक्त आट्यांचा दांडा दिसतो. चाकाची डिस्क त्या दांड्यांवर अडकवायची आणि वरून नट आवळायचा. काही कारमध्ये उलट असतं. तिथे बाहेर दांडा नसतो, हबला भोकं असतात आणि बोल्टच बाहेरून आत फिरवायचा असतो. आपल्या गाडीला यातलं काय आहे हे आजच पाहून ठेवा, कारण तुटल्यावर दोन्हीचा इलाज वेगळा आहे.

आमची समजूत होती की चाक त्या दांड्यांवर टांगलेलं असतं, खुंटीवर पिशवी टांगावी तसं. तसं नसतं. नट आवळला की स्टड अगदी केसभर ताणला जातो, आणि त्या ताणानं डिस्क हबवर दाबून धरली जाते. दोन पत्रे एकमेकांवर इतके घट्ट दाबलेले असतात की ते घसरत नाहीत. गाडीचा भार वाहतं ते हे घट्ट दाबून धरणं. नट सैल झाला की ते जातं, डिस्क हबवर हलायला लागते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला स्टड थोडा इकडे, थोडा तिकडे वाकतो. तार हातानं पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, अगदी तसंच. किलोमीटरमागे चाक काही शे वेळा फिरतं, म्हणजे दहा किलोमीटरमध्ये ही वाकवावाकवी किती झाली बघा.

मग आमचे नट सैल कशानं झाले? दोन चुका होत्या. स्टेपनीच्या डिस्कवर आतल्या बाजूला वाळलेला चिखल होता, तो न पुसता ती चढवली. नट आवळला तेव्हा घट्ट वाटला, पण मध्ये चिखलाचा थर होता. गाडी चालली, चिखलाचा भुगा होऊन गळला आणि तेवढी जागा मोकळी झाली. दुसरी चूक, चाक जॅकवर अधांतरी असतानाच शेवटचं आवळलं. चाक फिरत राहतं, जोर नीट लागत नाही, आणि डिस्क तिरकी बसली तरी कळत नाही. चाक खाली टेकवून पुन्हा आवळायचं राहूनच गेलं.

तुटलेला तुकडा फेकू नका. तो बोलतो. आमचा पहिला स्टड जिथे तुटला तिथे सगळीकडे सारखा करडा, चकचकीत होता, म्हणजे एका झटक्यात पिळून तुटलेला. दुसऱ्याच्या तुटलेल्या तोंडावर मात्र अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गंजलेला होता आणि एक कडा ताजी. म्हणजे त्याला चीर आधीपासूनच होती, बहुधा त्या गननं अति आवळल्यापासून. असा काळपट भाग दिसला तर समजायचं की शेजारच्यांचीही तीच गत असणार.

आता जोराची गोष्ट. जात्याचा खुंटा कडेला का असतो, मध्याजवळ का नसतो? कडेला धरला की कमी ताकदीत दगड फिरतो. पान्याचंही तेच. लहान चारचाकीच्या नटाला साधारण 100 ते 120 न्यूटन मीटर इतका पीळ लागतो. पिकअपचा आकडा काहीसा जास्त असू शकतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. 100 न्यूटन मीटर म्हणजे किती? फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे 34 किलोचा भार. टोमॅटोचे पावणेदोन क्रेट. दोन्ही हातांनी, अंग घालून दाबलं की एखादी धडधाकट बाई तेवढा जोर देऊ शकते. आता त्याच पान्याला मीटरभर पाइप जोडा आणि टोकावर 75 किलोचा माणूस उभा करा. पीळ होतो सातशेच्या वर, म्हणजे सातपट. स्टड तुटणार नाही तर काय होईल?

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय की आवळायला पाइप कधीच लावायचा नाही. सोडवायला लागला तर लावायचा, पण झटका न मारता, हळूहळू भार देत. नट अडलाच तर आट्यांच्या टोकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग थोडा आवळायच्या दिशेनं, थोडा सोडायच्या दिशेनं असा मागेपुढे करत काढायचा. तेल ड्रमच्या आत जाता कामा नये. ब्रेकच्या लायनरला तेल लागलं की ब्रेक गेला. आणि नवा नट बसवताना आट्यांना तेल-ग्रीस चोपडायचं नाही. पुष्कळजण ते आपुलकीनं लावतात, पण तेलानं नट जास्त सहज फिरतो आणि तेवढ्याच जोरात स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो. तारेच्या ब्रशनं आटे घासून कोरडे ठेवायचे, बास. जुन्या काही जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, हेही ध्यानात असू द्या. तिथे आपण सोडवतोय असं समजून आवळत बसतो आणि बोल्ट जातो.

रस्त्यात बोल्ट तुटलाच, तर काय करायचं? आधी माणसं. सगळ्यांनी उतरून रस्त्याच्या कडेपासून लांब उभं राहायचं, गाडीच्या मागे रस्त्यावर नाही. इंडिकेटर लुकलुकत ठेवायचे, गाडीतला लाल त्रिकोण बराच मागे ठेवायचा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा मदतीचा नंबर आहे, आणि कुठेही जिवावरचं काही असेल तर 112. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावायचे. जॅकवरच्या गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर बसेल. घाट उतरून आलेल्या गाडीचा ड्रम तव्यासारखा तापलेला असतो, त्याला हात लावू नका. आमच्यातल्या एकीच्या बोटांना फोड आले होते.

मग मोजा, किती राहिले. पाच किंवा सहा बोल्टांच्या चाकातला एकच तुटला असेल आणि बाकीचे धड असतील, तर माल आणि माणसं उतरवून, रिकाम्या गाडीनं, अगदी हळू, जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. गॅरेजपर्यंतच, बाजारापर्यंत नाही. दर दोन-चार किलोमीटरवर थांबून नट हातानं तपासायचे. चारच बोल्टांच्या गाडीतला एक गेला तर तीनावर चालवण्यापेक्षा मेकॅनिकला जागेवर बोलवावं. आणि दोन तुटले असतील तर गाडी हलवायचीच नाही. आम्ही त्या दिवशी शेवटी तेच केलं. ओळखीची दुसरी गाडी मागवली, साठ क्रेट हातानं त्यात चढवले. माल उशिरा पोचला, भाव पडला होता. वहीत तोटा लिहिला.

मेकॅनिक येईपर्यंत एक वेल्डिंगवाला भेटला. "दोन मिनिटांत नट वेल्डिंग मारून देतो, गाडी चालू," म्हणाला. आमच्यातल्या दोघींना ते पटत होतं, खोटं कशाला सांगायचं. बरं झालं वहिनी अडून बसली. स्टडचं पोलाद तापवून-थंड करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेनं ते बिघडतं, कुठे मऊ पडतं, कुठे ठिसूळ होतं. शिवाय पुढच्या पंक्चरला तो नट निघणार कसा? आणि वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगही खराब होतं. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घालण्याचंही तसंच. बोल्टच्या डोक्यावर 4.6, 8.8, 10.9 असे आकडे असतात. पहिला आकडा पोलादाची ताकद सांगतो. 4 म्हणजे एका चौरस मिलिमीटरला, राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेला म्हणा, सुमारे 40 किलोचा ताण सोसणारं पोलाद. 10 म्हणजे सुमारे 100 किलो, ज्वारीचं एक पोतं. चाकाला लागतं ते मजबूत पोलाद, आणि साधा बोल्ट दिसायला तितकाच जाड असला तरी निम्म्यालाही पुरत नाही. त्याच गाडीचा, त्याच मापाचा स्टड नटासह मागायचा. जुना तुकडा दुकानात घेऊन जायचा. ब्लाउजपीसचा मॅचिंग दोरा आणताना नेतो तसा.

खरी दुरुस्ती फार अवघड नाही, पण ती गॅरेजातली आहे. चाक आणि ड्रम काढतात, तुटलेला स्टड पुढून हातोड्यानं मागे ठोकून बाहेर काढतात. नवा स्टड मागून आत घालतात आणि बाहेरून जाड वायसर व जुना नट लावून आवळत नेतात, म्हणजे तो ओढला जाऊन जागेवर बसतो. त्याच्या गळ्याशी बारीक खाचा असतात, त्या हबमध्ये रुतल्या की तो फिरत नाही. काही गाड्यांत मागे जागा कमी असते, तिथे हब उतरवावा लागतो आणि मजुरी वाढते. बोल्ट बाहेरून आत फिरवायचा असेल अशा कारमध्ये तुकडा हबच्या भोकात अडकतो. चाक निघालं की त्यावरचा ताण गेलेला असतो, त्यामुळे थोडं टोक बाहेर असेल तर तो बरेचदा पकडीनं फिरवूनही निघतो. आतच तुटला असेल तर मधोमध भोक पाडून काढावा लागतो. ते काम घरी करायला जाऊ नका, भोक तिरकं गेलं तर हबचे आटे जातात.

किती बदलायचे, यावर मेकॅनिकचं आणि आमचं थोडं वाजलं. आम्ही म्हटलं, दोन तुटले, दोन घाला. तो म्हणाला, एक तुटला तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना बदलायचं, आणि दोन तुटले तर सगळे. कारण एक गेला की त्याचा भार शेजाऱ्यांनी सोसलेला असतो. काळपट चीर असलेला तो तुकडा समोरच होता, त्यामुळे आम्ही गप्प बसलो. पाच स्टड नटांसह 480 रुपये आणि मजुरी 600. डिस्कची भोकं लांबट झाली आहेत का, हेही त्यानं पाहिलं. लांबट झाली असतील तर ती डिस्क टाकूनच द्यायची.

चाक बसवायची रीत आता आमच्यातल्या पाचजणींना येते. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे. मग उचलायचं. चढवण्याआधी डिस्कची आतली बाजू आणि हबचं तोंड पुसून घ्यायचं. नटाची निमुळती बाजू असेल तर ती चाकाकडे. पहिले तीन-चार फेरे बोटांनी द्यायचे, कारण नट आट्यांत तिरका घुसला तर बोटाला लगेच कळतं, पान्याला कळत नाही. मग एक सोडून एक असे आवळायचे, शेजारशेजारचे ओळीनं नाही. चाक खाली टेकवून शेवटचं आवळायचं, आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा. पंक्चरवाल्याकडे गेलो तरी गनचं शेवटचं आवळणं हातानं करायला सांगतो. पहिल्यांदा तो मुलगा हसला होता. आता आम्हाला पाहिलं की स्वतःच पाना काढतो.

मागच्या भागानंतर आलेल्या एका फोनचं उत्तर राहिलंय. माळशिरसकडच्या एका ताईंनी विचारलं होतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं काय? ताई, ट्रॉलीचं जास्त सांभाळा. उसाच्या दिवसांत ट्रॉली टोपणभर भरते, आणि चाकाला पाहिलं तर सहातले चारच नट, त्यातला एक तारेनं बांधलेला. ट्रॉलीला मागे कुणी बसलेलं नसतं म्हणून टक् टक् कुणाला ऐकू येत नाही, ट्रॅक्टरच्या आवाजात तर नाहीच. म्हणून ट्रॉली भरण्याआधी एकीनं फिरून प्रत्येक नटाला पाना लावून पाहायचा. डिस्कवर नटाभोवती गंजाचे लालसर ओघळ दिसले, तर तो नट सैल आहे आणि डिस्क हलते आहे असं धरायचं. आणि ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला एकटीनं हात घालायचा नाही. त्यात बरेचदा पाणी भरलेलं असतं. ते अंगावर कललं तर दोघीतिघींनाही आवरत नाही.